दाजींनी नापास केलेलं नाशिक

गेल्या अठरा वर्षांत नाशिकमध्ये उभी राहिलेली अशी एकही इमारत नसेल, जिच्या संडासाचा फ्लश माझ्या थोरल्या साडूंनी स्वतःच्या हाताने दाबून पाहिलेला नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. देवळाली कॅम्पात एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहत, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवत आणि दर रविवारी घर बघायला निघत. घर घ्यायला नव्हे, बघायला. हा फरक आम्हा नातेवाइकांच्या लक्षात यायला पाच-सहा वर्षं गेली. एजंट लोकांना तो पहिल्या अर्ध्या तासात कळे.

त्यांच्या खांद्याला एक पिशवी असे. तीत भिंत सरळ आहे का ते बघायला गवंड्याकडून आणलेला ओळंबा, फरशीचा उतार बघायला काचेची गोटी, फरशी पोकळ वाजते का ते ऐकायला एक जुना जाड रुपया, होकायंत्र आणि एक पंचा. पंचा कशासाठी, हे मला इंदिरानगरला कळलं. तिथल्या एका रिकाम्या बेडरूममध्ये दाजींनी भर दुपारी पंचा अंथरला आणि पश्चिमेच्या भिंतीला डोकं लावून डोळे मिटून आडवे झाले. भिंत किती तापते ते त्यांना डोक्याने मोजायचं होतं. एजंट दारात आला, त्याला वाटलं, काका चक्कर येऊन पडले. तो धावत जाऊन ग्लासभर पाणी घेऊन आला. दाजी उठले, सगळं पाणी सावकाश प्यायले आणि ग्लास परत देत म्हणाले, "हे बोअरचं की महापालिकेचं?" बोअरचं निघालं. घर नापास.

मालक काय सांगतो, एजंट काय सांगतो, याला दाजींच्या लेखी काडीची किंमत नसे. ते आधी वॉचमनपाशी जाऊन बसत. पाथर्डी फाट्याला "चोवीस तास पाणी" असा मोठा फलक लावलेल्या इमारतीखाली त्यांनी वॉचमनला तंबाखू दिली आणि पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, "टाकी लय मोठी हाय साहेब. टँकर आला का भरती." मग शेजाऱ्यांची पाळी. बेधडक बेल वाजवायची, "आम्ही तुमच्या शेजारी यायचं म्हणतोय," असं सांगायचं, आणि चहा होईपर्यंत त्या घरातल्या सगळ्या तक्रारी गोळा करायच्या. एका बाईंनी लिफ्टबद्दल सांगता सांगता सासूबद्दलही सांगितलं. दाजींनी दोन्ही वहीत लिहून घेतलं.

पंचवटीत गोदावरीपासून, म्हणजे नाशिककरांच्या गंगेपासून, जवळ एक छान बैठं घर होतं. मालक आजोबा आणि त्यांचा मुलगा दोघेही अगदी अगत्याने घर दाखवत होते. दाजींनी एवढंच विचारलं, "गंगेला पूर आला की पाणी कुठपर्यंत येतं?" आजोबांनी हात कमरेपर्यंत नेला, मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूहळू गुडघ्यापर्यंत खाली आणला. मुलगा म्हणाला, "बाबांना आठवत नाही आता." दाजी म्हणाले, "चांगलं आठवतंय त्यांना," आणि चपला घालू लागले.

सगळ्यात संतापजनक गोष्ट म्हणजे हा माणूस कधी चुकत नसे. मी माझा फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी गोटी सोडून पाहिली आणि म्हणाले, "पाव्हणे, बाथरूमचा उतार हॉलकडे आहे. घेऊ नका." मी हसलो आणि घेतला. वास्तुशांतीच्या दिवशी सत्यनारायण मांडला होता, पंधरावीस माणसं बसली होती, आत पाहुण्यांच्या आंघोळी चालल्या होत्या. कथेचा तिसरा अध्याय सुरू असताना साबणाचा फेस असलेला एक ओघळ शांतपणे हॉलमध्ये आला. दाजी पहिल्याच रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त गुरुजींना म्हणाले, "चौरंग जरा उचलून घ्या."

ज्यांनी घरं घेतली त्यांच्या भिंतींना तडे गेले, गच्च्या गळल्या, पार्किंगवरून मारामाऱ्या झाल्या. पण त्यांनी स्वतःच्या दाराला तोरणं लावली. दाजींचं सगळं बरोबर आलं आणि ते भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिले. बरोबर असणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. राहण्याचं काम ताईंकडे होतं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या घराला एकवीस पायऱ्यांचा उभा लाकडी जिना होता, आणि प्यायच्या पाण्याचा नळ खाली अंगणात. दाजी नाशिकभर लिफ्टचा वेग घड्याळ लावून मोजत, तेव्हा ताई कळशी घेऊन तो जिना चढत असत. मी एकदा हे त्यांना तोंडावर बोललो. ते म्हणाले, "घाई करून चालत नाही, पाव्हणे. घर एकदाच होतं."

मग ताईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी दाजी मला घेऊन आडगावला ऊन मोजायला गेले, आणि ताई माझ्या बायकोच्या स्कूटरवर मागे बसून म्हसरूळला गेल्या. तळमजल्यावरचा जुना फ्लॅट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेर कट्ट्यावर चार बायका मेथी निवडत होत्या. त्यातली एक सरकून म्हणाली, "बसा ना, पाय दुखतोय वाटतं." ताई बसल्या. दहा मिनिटांनी तिथूनच त्यांनी दाजींना फोन लावला, "मी घर पसंत केलंय. तुम्हाला बघायचं असेल तर या."

दाजी पिशवीसकट आले. दीड तास त्यांनी ते घर आतून-बाहेरून तपासलं. मग स्वयंपाकघरात उभं राहून तेवीस दोष वाचून दाखवले, क्रमाने. ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळे ऐकत होत्या. अठरा वर्षांत मी त्यांना दाजींसमोर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही.

"झालं वाचून?" त्या म्हणाल्या. "सगळं खरंच असणार. तुमचं आजवर काहीच खोटं निघालं नाही. पण तो जिना आता मला उतरवत नाही हो."

दाजींनी वही मिटली. बराच वेळ ते ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग मला विचारलं, "पाव्हणे, सही कुठं करायची असते?" एवढी घरं बघितलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं.

परवा मी म्हसरूळला गेलो होतो. दाजी कट्ट्यावर बसले होते. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आलेलं एक तरुण जोडपं त्यांच्यासमोर येऊन थांबलं. मुलीच्या हातात मोबाईल, त्यात विचारायच्या प्रश्नांची लांबलचक यादी. "काका, तुम्ही इथंच राहता ना? कशी आहे सोसायटी?"

मी सावरून बसलो. म्हटलं, आता पोरांचं काही खरं नाही.

"पाणी सकाळी पाऊण तास येतं," दाजी म्हणाले. "लिफ्ट नाही. पावसाळ्यात गेटपाशी तळं साचतं." ती दोघं एकमेकांकडे बघू लागली. मग दाजी म्हणाले, "पण राहता येतं. बायकामाणसं चांगली आहेत इथली."

ती दोघं वर गेल्यावर मी म्हटलं, "दाजी, तेवीसातले तीनच सांगितलेत."

आतून ताईंच्या बोलण्याचा आवाज येत होता. शेजारणीला कसलीशी कृती सांगत होत्या आणि मोठमोठ्याने हसत होत्या. दाजी तिकडे कान देऊन बसले होते.

"ही इतकी बोलते, हे मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "वर कॅम्पात कोण येणार होतं तिच्याशी बोलायला?"