आधी नाव तरी नीट घ्या

सौदीतल्या जिझानच्या आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा एक रत्नागिरीकर आहे. चहात खबूस, म्हणजे तिथली रोटी, बुडवून खातो आणि टीव्हीवर बंदूक दिसली की तिची जात सांगतो.

एकदा लग्नात हवेत झाडलेली गोळी खाली येऊन एका मुलीच्या खांद्यात घुसली. चहाच्या वेळी सांगलीच्या सिस्टर चिडून म्हणाल्या, "असल्या मशीनगन घरात ठेवायला बंदीच हवी."

"मशीनगन नव्हे, सिस्टर. सेमी-ऑटोमॅटिक रायफल. आधी नाव तरी नीट घ्या."

मग चहा संपेपर्यंत आम्ही दोन्हींतला फरक ऐकला. त्याचं सगळं बरोबर होतं. बंदीचं बोलणं मात्र राहून गेलं. त्याच्यापुढे ते नेहमीच राहून जायचं.

पुढच्या लग्नसराईत तशीच गोळी लागलेला एक लहान मुलगा आला. तो वाचला नाही. त्याचा एक्स-रे काढून आमचा रत्नागिरीकर चहाला आला आणि खबूस हातात तसाच धरून बसला. कोणीतरी पुन्हा मशीनगन म्हणालं. आम्ही सवयीने त्याच्याकडे पाहिलं.

पण त्याने विचारलं, "सिस्टर, मागे तुम्ही बंदीचं काय म्हणत होतात?"

सिस्टर कप विसळायला उठल्या होत्या.

"जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतं?"