न वाचता ‘हो’ म्हणणारे सर

पडद्यावर इंग्रजी ओळी भराभर वर सरकू लागल्या की सर खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचे. कुणी म्हणालं, की मशीन काहीतरी विचारतंय, तर डोळे न उघडता उत्तर यायचं, "हो म्हणा. वाचत बसलं तं काम कव्हा व्हायचं?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. आमच्या जालन्याच्या बियाणे कंपनीत हे सर कॉम्प्युटरचे सर्वेसर्वा होते. सॉफ्टवेअर घालायचं तर माउसला ते हात लावत नसत. काळी खिडकी उघडायची, एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, की लागतील ती पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, मशीन स्वतःच इंटरनेटवरून ओढून आणतं. जगभर लोक हे रोज करतात. सरांचा थाट मात्र यज्ञाचा. आधी उदबत्ती, मग मशीनला हळदकुंकू, मग सगळ्यांनी गप्प बसायचं. एवढं करून हुकूम कुठल्यातरी वेबसाइटवरून उचललेला, आणि त्याच्याखालची सूचना न वाचलेली. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी शाळेत नुसती पाठ केली होती.

एकदा त्यांच्या अशाच एका हुकमानं सगळा मराठी फॉन्ट उडाला आणि पिशव्यांच्या लेबलांवर नावांऐवजी चौकोन छापून आले. "नवीन व्हर्जनमधी असंच राहतं," सर म्हणाले. मॅनेजरसाहेबांनी मान डोलावली. वाचायचा कंटाळा त्यांनाही होताच.

प्रयोगशाळेत सुनंदाताई होत्या. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, कोंब मोजायचे, किती उगवलं ते कॉम्प्युटरातल्या डेटाबेसात भरायचं, हे त्यांचं काम. कितीतरी वर्षं त्या कंत्राटावर होत्या. या हंगामाचा अहवाल वर गेला की कायम करू, असं साहेबांनी कबूल केलं होतं.

अहवालाच्या आदल्या दिवशीच सरांना डेटाबेसचं नवं पॅकेज घालायची हुक्की आली. त्याआधी जुनं काढायला हवं होतं. मी शेजारीच बसलो होतो. मशीननं विचारलं, जुन्या पॅकेजबरोबर त्यातली सगळी माहितीही पुसू का? मी म्हणालो, "सर, थांबा, आधी वाचा."

"जुना कचरा हाय तो. बिलकुल पुसू द्या," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

ताईंचा अख्खा हंगाम गेला. बॅकअप होता. तो सरांनी त्याच फोल्डरात ठेवला होता, म्हणून तोही गेला.

साहेबांच्या केबिनमध्ये सर शांतपणे म्हणाले, "ताईनं आकडे सेव्हच केले नसतील." इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. डोळ्यांनी पाहिलेलं मी तिथंच सांगितलं. साहेब म्हणाले, झालं ते झालं. ताईंचं कायम होणं पुढच्या हंगामावर गेलं. सरांना कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्या काळ्या खिडकीला हात लावायला दुसरं कुणी धजत नव्हतं. ताईंनी जपून ठेवलेले बियाण्याचे नमुने बाहेर काढले आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून लावल्या.

नंतर सरांना पुण्यात मोठी नोकरी लागली. निरोप समारंभात शाल झाली, नारळ झाला, त्यांच्याशिवाय कंपनीचं कसं होणार अशी भाषणंही झाली. ताई समारंभाला आल्या नाहीत, म्हणून सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन प्रयोगशाळेच्या दारात गेले. मीही मागे होतो. ताई गुंडाळी उलगडून कोंब मोजत होत्या.

"ताई, चाललो मी. काही चुकलं असंल तं..." त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. मला त्यांची कधी दया आली असेल, तर त्या घडीला.

ताईंनी मान वर केली नाही. "ठिवा तिथं," त्या म्हणाल्या. "मध्येच बोललं की मोजणी चुकती."

सरांनी बॉक्स ठेवला. ताईंनी पुढची गुंडाळी उघडली तेव्हा ते निघून गेले.