शाप की वरदान

शेजारच्या गच्चीवर आठवीतली मनवा फेऱ्या मारत निबंध पाठ करते आहे. विषय अजून तोच, ‘अणुशक्ती : शाप की वरदान’. आधी वीज, मग कॅन्सरवरचे उपचार, मग हिरोशिमा आणि शेवटी बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं वाक्य, “ते वापरणाऱ्याच्या हातात आहे.”

मीही हाच शेवट लिहिला होता. माझ्या वहीला रशियातून येणाऱ्या गुळगुळीत मासिकाचं कव्हर होतं, माझ्या बाकावरच्या शऱ्याच्या वहीला अमेरिकेतून येणाऱ्या मासिकाचं. दोन्हींवर हसरी, गुबगुबीत मुलं. त्याच दोन देशांनी एकमेकांवर रोखलेल्या बॉम्बांत आम्हीही जळालो असतो, हे कोणी बोललं नाही. कागद वर्षभर फाटत नाही, याचंच आम्हाला कौतुक. बाईंनी दोघांनाही दहापैकी सात दिले.

आत मनवाच्या घरात टीव्हीवर पुन्हा कुणीतरी कुणाला तीच धमकी देतंय. ती कठड्याशी थांबली.

“काका, वापरणारा म्हणजे नक्की कोण हो?”

ज्यांना आपलं गाव नकाशावरसुद्धा सापडणार नाही, असे चार-दोन म्हातारे. हे त्या पोरीला कसं सांगायचं?

तेवढ्यात तिची आई आतून ओरडली, “त्यांना काय विचारतेस? बाईंनी दिलाय तसाच शेवट लिही. नाहीतर मार्क जातील.”

मनवाने मान हलवली आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. इतक्या वर्षांत मलाही दुसरा शेवट कुठे येतोय?