आतून लावायची कडी

शहाद्याजवळच्या एका निवासगृहात मी अधीक्षिका होते. लोक ज्यांना अर्धवट म्हणतात आणि ज्यांना सांभाळायला घरी कोणी उरलं नाही, अशा बायका तिथे राहतात. एकीला आंघोळ करताना फिट आली आणि दार आतून बंद होतं, तेव्हापासून विश्वस्तांनी सगळ्या न्हाण्यांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यांना वाटलं.

पन्नाशीची एक बाई मात्र न्हाणीत गेली की भरलेली बादली दाराला टेकवून ठेवायची. मदतनीस दार ढकलायच्या, पाणी सांडायचं, त्या करवादायच्या. ही बाई बोलत नसे. आम्ही काहीही विचारलं तरी मान हलवून हो म्हणायची, म्हणून सगळ्यांना ती फार गुणी वाटायची. तेच मला खटकायचं.

एकदा न्हाण्यांना टाईल्स देणारे शेठ बघायला आले. गावातलं मोठं हार्डवेअरचं दुकान त्यांचंच. आमचे थोरले विश्वस्त, सगळे त्यांना आबा म्हणतात, एकेक दार उघडून टाईल्स दाखवत सुटले. मी ओरडेपर्यंत त्यांनी तिसरं दार ढकललंच. बादली कलंडली. आत ती होती, अंगावर एक टॉवेलही नव्हता. भिंतीकडे तोंड करून ती उकिडवी बसली.

आबा हसले. म्हणाले, "जाऊ द्या शेठ, तिले काय समजस!"

माझं डोकं फिरलं. "तिले समजस म्हनीसनच बादली लावस ना, आबा!"

शेठनी आधीच पाठ फिरवली होती. "पहले दरवाजा बंद करो," एवढंच ते बोलले आणि चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानातून कड्या आणल्या. आतून लागणाऱ्या, पण वेळ पडली तर बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवता येणाऱ्या. आबा म्हणाले, "मॅडम, आत काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, "मी." बोलायला सोपं होतं.

पहिल्याच दिवशी ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. नंतर पाण्याचा आवाज येत राहिला आणि मग तोही थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी उठून दाराशी गेले. नाणं खाचेत घातलं, तरी आधी हाक मारून झालं का ते विचारलं, "व्हयनं का वं, माय?"

मी नाणं फिरवणार, तेवढ्यात आतून आवाज आला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"नही व्हयनं. थांब."

मी नाणं काढून घेतलं आणि पायरीवर बसून राहिले.