गप्प राहिलेला लांडगा

कुणाचं बारसं असो, गृहप्रवेश असो की कुणी नुसती नवी गाडी घेतलेली असो, जेवणं आटोपली की भाऊबंदांतलं कुणीतरी म्हणणारच, "अण्णा, तेवढे लांडगे होऊन जाऊ देत." मग मल्हारराव आधी नको नको म्हणणार, पाणी मागणार, आणि घसा खाकरून उभे राहणार. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. त्याला आग्रह करायचा तो केवळ रीत म्हणून.

लांडगे म्हणजे एक जुनी इंग्रजी कविता. शाळेत असताना मल्हाररावांनी ती पाठ केली आणि पुढे हौसेनं मराठीत आणली. तिच्यातली गोष्ट साधी आहे. वादळात लांडग्यांचा कळप पांगतो. एक जखमी लांडगा मागे पडतो आणि हाक घालतो. ज्याच्या कानावर हाक पडेल त्यानं ओ द्यायची, हा कळपाचा नियम. ओ देत देत सगळे माघारी येतात. एकजण मात्र येत नाही, कारण त्याच्यापुढे ताजी शिकार असते. तो हाक ऐकतो आणि गप्प राहतो. वादळ शमल्यावर तो परत येतो तेव्हा त्याला कुणी काही म्हणत नाही. सगळे सरकून जागा करून देतात, आणि कविता तिथंच संपते. "केवढं मोठं मन, बघा!" असं मल्हारराव दरवर्षी नव्या वर्गाला सांगत, आणि मुलं ते परीक्षेत लिहून मार्क मिळवत.

ही कविता पहिल्यांदा ऐकली ती अंबुअक्कानं. अक्का म्हणजे थोरल्या चुलतभावाची बायको. मल्हाररावांची आई लवकर गेली, तेव्हा बंगळुरात चामराजपेटेतल्या दोन खोल्यांत अक्कानंच त्यांना वाढवलं. पुढे तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. चिकपेटेतल्या दुकानांसाठी ती परकर-ब्लाउज शिवायची. मल्हारराव मशीनशेजारी उभे राहून कविता म्हणायचे. अक्काला इंग्रजीचा गंध नव्हता, पण लांडग्याची हाक आली की ती मशीन थांबवून पोट धरून हसायची. "अय्यो, परत ओरड की रे, मल्हाऱ्या," म्हणायची.

त्या अक्कानं आता अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिच्याजवळ राहत होता धाकटा चुलतभाऊ नरसिंहराव. आणि इकडे जयनगरात मल्हाररावांच्या मुलीचा, स्मृतीचा साखरपुडा रविवारी ठरला होता. मुलगा पुण्याचा, नोकरीला ऑस्ट्रेलियात. दोन दिवसांनी परत जाणार होता. तारीख हलली तर पुढची केव्हा, कुणास ठाऊक.

इथं सुतकाचं शास्त्र सांगायला हवं. भाऊबंदांत कुणी गेलं की दहा दिवस सुतक, तोवर शुभकार्य बंद. पण सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यावर. ऐकलंच नाही तर माणूस मोकळा. या एका पळवाटेवर आपल्याकडे किती लग्नं लागली असतील, ते देवालाच ठाऊक. मल्हाररावांनीही आठवडाभर चामराजपेटेकडे पाऊल टाकलं नव्हतं. हॉलचं बघायचंय, आचाऱ्याशी बोलायचंय, अशी कारणं ते स्वतःलाच देत राहिले.

रविवारी सकाळी ते फेटा बांधत असताना फोन वाजला. नाव नरसिंहरावाचं होतं. अक्का गेली, दुसरं काय असणार? हात फोनकडे गेला आणि तिथंच थांबला. फोन वाजून वाजून बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मल्हाररावांनी तो बंद केला आणि कपाटात धोतरांच्या घडीखाली सरकवून दिला.

"कुणाचा होता हो?" बायकोनं, संयोगितेनं विचारलं.

"कर्ज हवंय का विचारणारे. यांना रविवारसुद्धा नाही."

तिनं कपाटाकडे एकदा पाहिलं आणि ओटीचं सामान आवरायला घेतलं.

हॉलमध्ये चामराजपेटेचं एकही माणूस आलं नव्हतं. एरवी आमंत्रणाआधी येऊन बसणारी मंडळी! सुतकातली माणसं कार्याला येत नाहीत, तेव्हा मल्हाररावांच्या मनात शंकाच उरली नाही. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "तुमच्याकडचे फारसे दिसत नाहीत?" मल्हाररावांनी ट्रॅफिकवर खापर फोडलं. बंगळुरात हे खापर कुणाच्याही डोक्यावर बिनदिक्कत फोडता येतं. अंगठ्या झाल्या, पेढे वाटले, फोटो झाले. प्रत्येक फोटोत मल्हारराव हसले, आणि आपण हसतोय याची त्यांना किळस येत राहिली.

जेवणं झाल्यावर स्मृतीनंच आग्रह धरला. "बाबा, लांडगे! यांच्याकडच्यांना ऐकवायलाच हवेत."

ते उभे राहिले. वादळ झालं, हाक झाली, टाळ्या पडल्या. गप्प राहिलेल्या लांडग्यापाशी आल्यावर ते अडले. ते कडवं गाळून त्यांनी शेवट उरकला आणि घाम पुसत खाली बसले.

"बाबा, एक कडवं राहिलं की," स्मृती म्हणाली.

"वय झालं आता," मल्हारराव म्हणाले. पाहुणे कौतुकानं हसले.

व्याही मंडळी रात्रीचं जेवूनच गेली. सोमवारी सकाळी मल्हाररावांनी फोन काढून चालू केला. नरसिंहरावाचा एकच निरोप होता, उशिरा आलेला. 'कार्य पार पडलं असेल तर ये. अक्का गेली.' ते तसेच रिक्षात बसले.

पोचले तेव्हा सगळे नुकतेच स्मशानातून परतले होते. ओल्या केसांनी चटईवर बसलेले. मल्हाररावांना बघून कुणी रडलं नाही, कुणी विचारलं नाही. एकानं मांडी आवरली, दुसरा भिंतीकडे सरकला आणि दोघांच्या मध्ये जागा झाली. "बस, अण्णा," कुणीतरी म्हणालं.

मल्हारराव त्या जागेत बसले. जन्मभर त्यांनी या सरकण्याला मोठं मन म्हटलं होतं. त्या जागेत बसणाऱ्याचं काय होतं, हे त्यांनी एकाही वर्गाला शिकवलं नव्हतं, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हतं. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांची मान वर होईना.

नरसिंहराव कॉफी घेऊन जवळ येऊन बसला. "आम्ही कार्याला आलो नाही, वाईट वाटून घेऊ नको. अक्का कधीही जाईल असं होतं. तिथं कुणाचा फोन वाजला असता, कुणी बोलून गेलं असतं, तर पोरीच्या कार्यात विघ्न. म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं, जायचंच नाही."

"गेली कधी?"

"काल संध्याकाळी. दिवा लावायच्या वेळेला."

मल्हाररावांनी मान वर केली. "संध्याकाळी? मग सकाळी फोन..."

"सकाळी एकदम हुशारी आली की तिला. उठून बसली, स्वल्प कॉफी घेतली. म्हणाली, मल्हाऱ्याला लाव, पोरीला आशीर्वाद देते. म्हणून लावला. राहू दे, तू कामात होतास."

कॉफीचा पेला मल्हाररावांच्या हातात तसाच राहिला. कामात होतास, एवढ्यावर हे मिटत होतं. हो म्हटलं असतं तर त्या खोलीत पुन्हा कुणी तो विषय काढला नसता.

"नरसिंहा, फोन मी बघितला होता," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की नरसिंहरावाला वाकावं लागलं. "दोन्ही वेळेला बघितला. मला वाटलं, अक्का गेली. सुतक नको म्हणून उचलला नाही."

नरसिंहरावानं पंच्यानं तोंड पुसलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा तू उचलला नाहीस ना, तेव्हा अक्काच हसली. म्हणाली, मी मेले समजून बसलाय तो. आता लावू नको रे, भिईल लेकरू."