कानाची मशीन आणि बेल-भंडारा

दोन हजार तेवीस साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि आमच्या घरात माझ्याशिवाय धर्म कुणालाच कळत नव्हता. माझी शाळा दुसरीपर्यंत. (दुसरीतसुद्धा मी थांबलो होतो, मास्तरच बदलून गेले!) पण माणूस सरळ कशानं चालतो ते मला पक्कं ठाऊक. देवाच्या धाकानं!

नात वैशाली बारावी झाली आणि सांगलीला कॉलेजात निघाली. सोमवारी सकाळची एसटी. रविवारी मी तिला समोर बसवून संस्कारावर चांगलं लांबलचक ऐकवलं. ती म्हणाली, "आबा, खरं बोलायला देवाचं भ्या कशाला पायजे? भ्या नसताना बोलंल तेच खरं की!"

मला लय राग आला. आणि त्याच दुपारी माझी कानाची मशीन गायब!

फौजेतल्या पोरानं घेऊन दिलेली मशीन. तिच्याशिवाय मला दावणीची म्हैससुद्धा ऐकू येत नाही. घर पालथं घातलं. चोर कोण? माझा हिशोब सरळ होता. जिला देवाचं भ्या नाही, ती!

"चोर घावल्याबिगर वैशी सांगलीला जायाची न्हाई!" मी जाहीर केलं. बॅग भरून बसलेली पोर, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सून विनवायला आली, "मामा, जरा धीरानं घ्या!"

"खीर? चोर घावल्याबिगर मी खीर खानार न्हाई!"

संध्याकाळी सगळ्या घराला बिरोबाच्या देवळात उभं केलं. ताटात बेलाचं पान आणि भंडारा. तो उचलून खोटं बोलायची आमच्या गावात कुणाची छाती नाही. बघायला गाव गोळा झालं. आमच्या म्हातारीनं उचलला, सुनेनं उचलला, शेवटी वैशालीनं उचलला. कोण काय बोललं ते मला एक अक्षर कळलं नाही. (शपथ घालणाराच बहिरा!) तरी मी कोर्टातल्या जजसारखी मान हलवली. मग फेटा दोन्ही हातांनी घट्ट दाबून बसवला आणि गरजलो, "बिरोबा, आता तूच सांग, चोर कोन हाय?"

माझा लहानपणचा दोस्त मायाप्पा माझ्या डोक्याकडं बघत हात जोडून उभा राहिला. बाया पाया पडायला लागल्या. एकीनं माझ्या कपाळाला भंडारा फासला. मला वाटलं, चला, मरायच्या आधी गावाला माझी किंमत कळली! मी आशीर्वाद देत सुटलो.

मायाप्पा कानाशी येऊन ओरडला, "गड्या, देव बोलतुया!"

"काय म्हनतुया?"

"शिट्टी वाजवतुया!"

"कुठनं रं?"

"तुझ्या डोस्क्यातनं!"

वैशाली पुढं आली. माझ्या फेट्याच्या घडीत बोट घातलं आणि मशीन बाहेर काढली. चालू मशीन कापडात घट्ट दाबली की कुईऽऽ करून केकाटते म्हणे. दुपारी देवळाच्या भोंग्यानं कान किटला, तेव्हा मीच ती काढून तिथं खोचली होती!

पोरीनं ती माझ्या कानात बसवली. पहिला आवाज ऐकू आला तो आमच्या म्हातारीचा. "घावला गं बाई चोर! जातीया आता माझी नात सांगलीला!"

सारं देऊळ हसलं. बिरोबाही हसला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवठे महांकाळच्या स्टँडवर तिची बॅग मीच एसटीत चढवली. चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून तिच्या सीटपाशी उभा राहून संस्कार चालू केले.

"सांगलीत कुनावर उगं आळ घ्यायचा न्हाई."

"व्हय आबा."

"आन् आपलं चुकलं तर गुमान कबूल करायचं. ताठा करायचा न्हाई!"

"व्हय आबा. पर गाडी सुटली."

बघतो तर स्टँड कधीच मागं गेलेला! कंडक्टर म्हणाला, "काय आबा, चुकून ऱ्हायला व्हय गाडीत?"

"चुकून? सांगलीला काम हाय माझं!" मी म्हणालो, आणि अर्धं तिकीट काढून उभ्याउभ्या सांगलीला गेलो.