नाव गाळलं, निशिगंध राहिला

मंगलाताई गेल्या हे मला मोबाइलवरच्या मेसेजने कळलं. सगळ्या विभागाला एकदम धाडलेला मेसेज. वर 'प्रिय सहकारी', खाली शोकसभेची वेळ. हल्ली दुःखसुद्धा एका बटणावर वाटून टाकतात, असं मनात आलं आणि लगेच वाटलं, हे ताईंना सांगायला हवं... त्या आमच्या नाशिकच्या कॉलेजात जनसंवाद शिकवायला आल्या, तेव्हापासून आमची टेबलं शेजारी शेजारी. असलं काही बोललं की त्या खूश व्हायच्या.

शोकसभेत विभागप्रमुखांनी ताईंचा एक जुना लेख वाचून दाखवला. लोक हसले, माना डोलावल्या, 'काय निरीक्षण!' म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या लेखाची ताईंना शेवटपर्यंत लाज वाटत होती, आणि त्या सभेत हे फक्त मला माहीत होतं. शोकसभेत असं काही बोलायचं नसतं म्हणे. 

नव्वदच्या दशकात ताईंचा विषय सगळ्यांना थट्टेचा वाटे. घरात टेलिफोन आला की घरातलं बोलणं कसं बदलतं, यावर त्या पीएच.डी. करत होत्या. स्टाफरूममध्ये त्यांना 'हॅलो मॅडम' म्हणायचे. ताई लुना काढून शहराबाहेरच्या मळ्यांतून हिंडायच्या. फोन उचलायचा मान कुणाचा, सुनेने हॅलो म्हणायचं की नुसतंच मामंजींना बोलवायचं, फोनवर विणलेला रुमाल कशाला... या सगळ्यात त्यांना केवढा रस! बायका त्यांच्याशी मोकळेपणी बोलायच्या, कारण ताई पाटावर बसून त्यांच्याबरोबर शेंगा सोलायच्या.

अशाच एका फुलांच्या मळ्यात त्यांना एक मुलगी भेटली. घरी शिवणाच्या क्लासला म्हणून सांगायची आणि नाशिकच्या द्वारका चौकात कॉम्प्युटर क्लासला जायची. तिथे मुलं असतात म्हणून भावाने नाही म्हटलं होतं. क्लासमध्ये लाइट असली आणि सर आले असले, की मैत्रीण पीसीओवरून फोन लावायची आणि दोन रिंगा देऊन ठेवून द्यायची. घरातले म्हणायचे, लाइन बिघडली आहे. आजोबांनी तर टेलिफोन खात्यात तक्रारही केली होती! ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

ताईंनी हे एका पुरवणीत लिहिलं. शोकसभेत वाचला तो हाच लेख. सुंदर लिहिलं. मुलीचं नाव गाळलं, गावाचं नाव गाळलं, आमच्या विषयाच्या पुस्तकांत सांगतात तसं सगळं सांभाळलं. फक्त पहिल्याच ओळीत निशिगंधाच्या वाफ्यांचं वर्णन होतं. त्या रस्त्याला बाकी सगळे झेंडू आणि शेवंतीवाले. निशिगंध लावणारं घर एकच.

फुलबाजारात तो पेपर हातोहात फिरला. मुलीच्या भावाला त्याच्या गाळ्यापुढेच लोकांनी विचारलं, "काय रे, दुरुस्त झाली का लाइन?"

क्लास त्याच दिवशी बंद झाला. उन्हाळ्यात मुलीचं लग्न लासलगावकडे लावून दिलं. ताईंना कळलं तेव्हा त्या मला घेऊन मळ्यात गेल्या. मुलीचे वडील ओरडतील, हाकलून देतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी खाट झटकून आम्हाला बसवलं, चहा मागवला.

"म्याडम, तुम्ही कुठं नाव छापलं? तुमची काय चूक नाय. आमचंच नशीब."

ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. परत येताना ताई एवढंच म्हणाल्या, "अगं, मी तिच्याकडून गोष्ट घेतली आणि तिलाच बाजारात विकलं."

प्रबंध त्यांनी कधीच सादर केला नाही. कारण विचारलं की तब्येतीचं सांगायच्या. पुढे काही वर्षांनी पुण्यात एका चर्चासत्राला आम्ही गेलो होतो. एका तरुण संशोधकाने पडद्यावर दाखवलं, की कोण कुणाला केव्हा फोन करतं एवढ्यावरून उद्या संगणक माणसाचं मन ओळखेल. नावं अर्थातच काढली आहेत, असंही तो म्हणाला. टाळ्या पडल्या. ताई उभ्या राहिल्या.

"नावं काढलीत. बाकी काय काय ठेवलंत?"

त्याला प्रश्न कळला नाही. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. ताई खाली बसल्या, आणि मला दिसलं की त्यांचा चेहरा लाजेने लाल झाला आहे. त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

त्यानंतर त्यांनी एक सवय लावून घेतली. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला आधी वाचून दाखवायचं. रिक्षावाला असो, कॉलेजातला शिपाई असो, समोर बसवून मोठ्याने वाचायच्या आणि तो नको म्हणेल ते खोडायच्या. विद्यार्थी कंटाळायचे, संपादक वैतागायचे. मीही कितीदा म्हटलं, पुरे हो ताई...

म्हणून मी गेल्या आठवड्यात लासलगावला गेले. ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. ओट्यावर कांदे निवडत होती. मंगलाताई गेल्याचं सांगितलं. तिने हातातला कांदा खाली ठेवला. मग ताईंवरचा हा माझा लेख तिला वाचून दाखवला. ती मान खाली घालून ऐकत होती. दोन वाक्यं नको म्हणाली, ती मी तिच्यासमोरच खोडली.

"त्यांना फार लाज वाटायची तुझ्यापुढे," मी म्हणाले. "एकदा विचारायला हवं होतं तुला, असं सारखं म्हणायच्या."

"इचारलं असतं तर मी काय नाय म्हणले असते का, बाई?" ती म्हणाली. "मला तर पेपरात यायची लय हौस. एवढंच म्हणले असते, पुढच्या आठवड्यात क्लासची परीक्षा हाय. ती होऊ द्या, मग छापा."